दोन्ही हातांनी धरलेला ग्लास

जे आज लिहितोय ते मी अठ्ठावीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही, ज्या विठोबापुढे वीणा घेऊन उभा राहतो त्यालाही तोंडानं नाही. विशीत असताना मला फिट यायची. सकाळी उठलं की हाताला झटके बसायचे, हातातलं उडून पडायचं. दोनदा तर पुरता बेशुद्ध होऊन कोसळलो, एकदा घराच्या ओट्यावर आणि एकदा हळदीच्या शेतात. वडिलांनी गुपचूप नांदेडला नेलं, गोळ्या आणल्या आणि येताना गाडीत एवढंच बोलले, "कुणाला सांगायचं न्हाई. फिटवाल्याला पोरगी कोण देईन?" मी सांगितलं नाही. घरात गोळ्या ताकदीच्या म्हणून खाल्ल्या. लग्न ठरलं त्या महिन्यात उरलेल्या पट्ट्या कॅनॉलच्या पाण्यात सोडून दिल्या. नशीब म्हणा, त्यानंतर पडलो नाही. सकाळचे बारीक झटके मात्र राहिले. त्यावर मी तोड काढली. सकाळचा चहा कपबशीत घ्यायचाच नाही. स्टीलचा ग्लास, तोही अर्धा, दोन्ही हातांनी घट्ट धरून. बायको म्हणायची, "थंडी वाजल्यावानी काय धरता ओ?" मी म्हणायचो, सवय हाय.

इतकी वर्षं दाबून ठेवलेलं आता मला दाबवत नाही. लिहायला बसलो तर अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढून राहिलीत. लेक आत्ताच डोकावून गेली आणि म्हणाली, "बाबा, दमानं. वही पळून जात न्हाई." पण दम कसा धरू? गेल्या कार्तिकात माझ्यावर जी कृपा झाली ती सांगायची तर आधी माझं पाप सांगावं लागतं, आणि दोन्ही एकाच वेळी बाहेर येऊ पाहतात. तर क्रमानं सांगतो.

आमचं गाव डोंगरकडा या मोठ्या गावापासून थोडं आत, केळी आणि हळदीच्या पट्ट्यात. माझी थोरली लेक शीतल तेव्हा कळमनुरीच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी स्कूटीवर डोंगरकड्यापर्यंत जायची आणि तिथून गाडी धरायची. विसावं लागलं होतं तिला. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तिच्या हातून वस्तू पडायला लागल्या. सकाळी कप निसटायचा, केस विंचरताना कंगवा भिंतीवर जाऊन आपटायचा. उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या तर टिकेनातच. तिची आई ओरडायची, "किती धसमुसळी गं तू, सासरी गेल्यावर भांडी तरी ठेवशील का?" शीतल नुसती आपल्याच हाताकडे बघत राहायची, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. ते बघणं मला ओळखीचं होतं. मी मान फिरवून गोठ्याकडे निघून जायचो.

एका सकाळी मी चहाला आत आलो, तर लेक चुलीजवळ बसलेली. समोर कपबशी तशीच आणि हातात स्टीलचा ग्लास, अर्धा भरलेला, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या हातांनीच तिला शिकवलं होतं, जसं मला माझ्या हातांनी. बायको हसून म्हणाली, "बघा, बापावरच गेली." मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग कार्तिक लागला. आमच्याकडे महिनाभर पहाटे काकडा असतो. चार वाजता देवळात हजर व्हायचं, अभंग म्हणायचे, काकडा पेटवून देवाला ओवाळायचं. गेली नऊ वर्षं काकड्यात वीणा माझ्या गळ्यात असते. गावात याला मान आहे, वीणेकरी म्हटलं की माणसं वाट देतात. आरतीचं ताट त्या वर्षी शीतलकडे होतं. पाचव्या का सहाव्या दिवशी, आरती ऐन रंगात आली असताना तिचे दोन्ही हात एकदम वर उडाले. ताट उडालं, पेटलेला काकडा पायरीवर जाऊन पडला, कुंकू सगळ्या फरशीवर. अभंग थांबला. ती तशीच उभी, हातांना बारीक हिसके बसून राहिलेले, आणि चेहऱ्यावर शुद्ध भीती. ती शुद्धीवर होती, सगळं समजत होतं तिला. आमच्या भजनातले म्हातारे बुवा हात जोडून म्हणाले, "माहूरच्या आईचं वारं आलं लेकराच्या अंगात." एक बाई वाकून तिच्या पाया पडली, मग दुसरी. आणि बुवांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या घरात कुणाच्या अंगात येत होतं काहो?"

इथं मी खरं बोलायला पाहिजे होतं. देवाच्या समोर होतो, वीणा गळ्यात होती. मी म्हणालो, "व्हय. आमच्या आजीच्या यायचं."

माझ्या आजीच्या अंगात कधी राग सुद्धा आला नाही. साधी बाई होती, तुळशीला पाणी घालायची आणि चोरून तपकीर ओढायची. पण मी तिच्या अंगात देवी आणून बसवली, कारण 'फिट' हा शब्द माझ्या दारात यायला नको होता. लेक फिटवाली म्हणण्यापेक्षा देवाची म्हणवून घेणं मला सोपं गेलं. आणि लोकांनी मान दिला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं.

शीतलला मात्र तो मान टोचायला लागला. दुसऱ्या दिवसापासून बायका तिच्या पुढ्यात बसून प्रश्न विचारायला लागल्या. एकदा घरी येऊन धपकन बसली आणि म्हणाली, "बाबा, कमळाकाकू मला विचारून राहिल्या बोअर कुठं मारू. मी म्हणलं, काकू, माझा विषय केमिस्ट्री हाय, जमिनीखालचं मला दिसत न्हाई. तर त्या म्हणतात, आई परीक्षा पाहून राहिली." मला हसू आलं. ती हसली नाही. तिनं प्रॅक्टिकलची वही उघडून माझ्यासमोर ठेवली. मागच्या पानांवर महिनाभराच्या नोंदी होत्या. रात्री किती तास झोप झाली, उठल्यावर किती वेळानं झटके बसले, किती बसले, तेव्हा हातात काय होतं. बारीक, नीटस अक्षर.

"बघा," ती म्हणाली. "पुरी झोप झाली त्या दिवशी एक पण झटका न्हाई. काकड्याला उठले की सात, आठ, दहा. दुपारी कधीच न्हाई. देव काय झोपेचे तास मोजून येतो का, बाबा?"

मी वहीची पानं मागंपुढं केली. तीच पुढं बोलली, आवाज न चढवता, "मला वाटतं ही फिटची सुरुवात असू शकते. मी वाचलंय. पण वाचून कळत न्हाई, डॉक्टरला दाखवावं लागतं. मला दवाखान्यात न्या."

विसाव्या वर्षी मी गप्प राहणं शिकलो होतो. माझी लेक त्याच वयात स्वतःचा आजार वहीत मांडून बापासमोर ठेवत होती. मी काय केलं? म्हणालो, "महिनाभराचा काकडा मोडायचा न्हाई. आधी औंढ्याला नागनाथाला जाऊन येऊ, मग बघू." तिनं वही मिटली. "नागनाथाला येते," ती म्हणाली, "पण तिथून सरळ दवाखाना. कबूल?" मी कबूल म्हणालो, आणि मनात दुसरंच होतं. देवानंच काहीतरी करावं, मला तोंड उघडायला लागू नये, एवढंच माझं मागणं होतं. त्याला मी भक्ती समजत होतो.

शेवटच्या सोमवारी पहाटेचा काकडा आटोपून आम्ही दोघं पहिल्या गाडीनं निघालो. आदल्या रात्री भजन लांबलं होतं, लेकीची झोप दोन-तीन तासांची. गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली. औंढ्याला उतरताना तिला हलवून उठवावं लागलं. देवळाच्या वाटेवर बांगड्यांची दुकानं लागतात. तिच्या आईनं बजावून सांगितलं होतं, "रिकाम्या हातानं देवाफुडं जाऊ नको, हात भरून घे." म्हणून आम्ही पहिल्याच दुकानासमोर चटईवर बसलो. दुकान एका पन्नाशीच्या मुसलमान बाईचं. डोक्यावर ओढणी, नाकात चमकी, तोंड अखंड सुरू. आजूबाजूचे तिला शकिलाबी म्हणत होते.

"आओ बेटी, बैठो. कोणता रंग? हिरवा? हिरवा तर सगळेच घेतात, पण तुझ्या हाताला शोभून दिसतो." तिनं शीतलचा उजवा हात हातात घेतला, अंगठ्याचं मूळ दाबलं आणि बांगडी सरकवायला लागली. "हात सैल सोड, बेटी. घट्ट धरला की बांगडी फुटती."

दुसरी बांगडी जात असतानाच हाताला हिसका बसला. बांगडी कडकन फुटली. शीतल ओशाळली. शकिलाबीनं तुकडे बाजूला केले, पण हात सोडला नाही. तो उलटा-सुलटा करून बघत राहिली. मनगटावर जुने बारीक वण होते, फुटलेल्या बांगड्यांचे. तिची बडबड थांबली.

"बेटी, हे सकाळच्या टायमालाच होतं का? उठल्या-उठल्या?"

गावात एवढे दिवस जो प्रश्न कुणी विचारला नाही, मी मुद्दाम कुणाला विचारू दिला नाही, तो ही अनोळखी बाई लेकीचा हात हातात धरून विचारत होती. शीतलचा चेहरा एकदम उजळला. "व्हय, सकाळीच. झोप कमी झाली की जास्त."

मी घाईनं मध्ये पडलो, "आमच्याकडं देवीचं हाय."

शकिलाबीनं माझ्याकडे वर मान करून बघितलं. "देवी रोज चहाच्याच टायमाला येती का, भाऊसाब?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मेरी छोटी बहन ऐसीच थी. सुबह को हात उडायचे. आम्ही ताईत बांधले, पाणी फुंकून पाजलं. डॉक्टरकडं न्हाई नेलं, बदनामी होईल म्हणून. एक दिन सिद्धेश्वरच्या कॅनॉलला कपडे धुवायला गेली. बस. तबसे मी बांगडी भरताना पहिले हात बघते." मग तिनं विचारलं, "तुमच्या घरात आणखी कुणाला होतं का असं?"

"न्हाई," मी म्हणालो.

तो शब्द पुरता संपलाही नसेल. शीतलच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, अंग ताठ झालं आणि ती चटईवर आडवी झाली. मग सगळं अंग हिसके द्यायला लागलं. डोळे वर, ओठांवर फेस. मी जागच्या जागी थिजलो. शकिलाबीनं एका हातानं बांगड्यांची पेटी लांब सारली, दुसऱ्या हातानं डोक्यावरची ओढणी काढून तिची घडी लेकीच्या डोक्याखाली सरकवली. भोवती माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं कांदा आणा, कुणी चप्पल हुंगवा म्हणत पुढं आलं, एकानं दातात घालायला चमचा काढला. शकिलाबी कडाडली, "खबरदार. तोंडात काही घालायचं न्हाई. हात-पाय दाबायचे न्हाईत. हवा येऊ द्या, मागं सरा सगळे." मग मला म्हणाली, "भाऊसाब, घड्याळ बघा. किती मिनिट चालतं ते बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर ॲम्ब्युलन्स. रडायचं नंतर, आधी घड्याळ."

मी घड्याळ बघत राहिलो. सेकंदाचा काटा सरकत होता आणि त्याच्या पलीकडे माझी लेक. माझ्या स्वतःच्या फिटमधलं मला काहीच आठवत नाही, आठवूच शकत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की हळदीच्या शेतात माझ्या वडिलांनी काय बघितलं असेल. अठ्ठावीस वर्षं मी त्यांच्यावर आतून चिडून होतो, त्यांनी माझं तोंड बंद केलं म्हणून. तेव्हा वाटलं, तो बिचारा घाबरला होता. माझ्याएवढाच. त्याच्या शेजारी कुणी शकिलाबी नव्हती, एवढाच फरक.

दोन मिनिटं आणि थोडे सेकंद. हिसके थांबले. शकिलाबीनं तिला अलगद कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला आणि लेक अजून बेशुद्ध असतानाच हातातली ती एक उरलेली बांगडी अशी हळूच काढून घेतली की मला त्या बोटांच्या पाया पडावंसं वाटलं. गर्दीत एकजण मोबाइल धरून उभा होता. त्याला देवीचा संचार म्हणून स्टेटसला ठेवायचं होतं. बऱ्याच वेळानं शीतल भानावर आली. कुठं आहोत ते तिला आधी उमगेना. मग उमगलं, आणि तिचा पहिला प्रश्न होता, "बाबा, किती वेळ?" मी सांगितलं. दुसरा प्रश्न त्या मोबाइलवाल्याला, जड जिभेनं, "दादा, तो व्हिडिओ मला पाठवा. डॉक्टरला दाखवायचाय. आणि मग तुमच्यातून काढून टाका, माझ्यासमोर." तो माणूस इतका गडबडला की निमूट दोन्ही केलं. शकिलाबी हसली, "शेरनी आहे तुमची बेटी, भाऊसाब."

देऊळ शंभर पावलांवर होतं. मी सवयीनं म्हणालो, "उभ्या-उभ्या दर्शन तरी करून येऊ." शकिलाबीनं चपला माझ्या पुढ्यात सरकवल्या आणि म्हणाली, "नागनाथ कुठं पळून जात न्हाई. आधी दवाखाना." मी कळसाकडे बघून हात जोडले आणि रिक्षा बोलावली. औंढ्याच्या नागनाथाला जायचं तर खाली, भुयारासारख्या गाभाऱ्यात वाकून उतरावं लागतं. त्या दिवशी त्यानं मला उतरूच दिलं नाही. त्याला जे द्यायचं होतं ते त्यानं बाहेर, बांगडीच्या चटईवर दिलं होतं. मी यावर कुणाशी वाद घालत नाही. ती बाई रोज तिथं बसते, रोज हात बघते, हे मलाही माहीत आहे. पण आम्ही त्या सोमवारी, त्याच दुकानासमोर बसलो, आणि तिनं तोच प्रश्न विचारला. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

सरकारी दवाखान्यात तपासलं, थांबवून ठेवलं आणि नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडला. डॉक्टर शांत माणूस. शीतलची वही त्यांनी पानन् पान वाचली, व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाले, "हे ज्यानं लिहिलं त्यानं माझं अर्धं काम केलंय." लेक लाजली. डोक्याला तारा लावून मेंदूची पट्टी काढली. मग समोर बसवून ते एकेक विचारत गेले. लहानपणी कधी झालं होतं का, डोक्याला मार लागला होता का. आणि मग, "घरात कुणाला फिटचा त्रास? आई, वडील, आजी-आजोबा?"

"न्हाई," मी म्हणालो. तो शब्द इतका घोटलेला होता की विचार करायच्या आधीच बाहेर पडला. डॉक्टरांनी लिहिलं. शीतल माझ्याकडे बघत होती. तिचा उजवा हात टेबलावर होता, बिनबांगडीचा, मनगटावर ते बारीक वण. "बाबा," ती एवढंच म्हणाली, "तुमी चहाचा ग्लास दोन हातांनी काहून धरता?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं तीही नोंद करून ठेवली होती, फक्त वहीत लिहिली नव्हती. काय सांगू, त्याच क्षणी छातीवरचा दगड हलल्यासारखं झालं. मी म्हणालो, "डॉक्टर, ते खोडा. मला होती. विसाव्या वर्षापासून. झटके अजून बसतात." आणि मग थांबलोच नाही. ओटा, हळदीचं शेत, कॅनॉलमध्ये सोडलेल्या गोळ्या, देवळातलं खोटं, आजी, सगळं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून ऐकलं. लेकीनं टेबलाखालून माझा हात धरला. तिनं सैल धरला होता, घट्ट नाही.

डॉक्टर म्हणाले, "हे सांगितलंत ते फार बरं केलंत. या प्रकारात घरातली माहिती फार उपयोगी पडते." आजाराचं नाव सांगितलं, म्हणाले की तरुणपणात सुरू होतो, झोप मोडली की वाढतो, आणि बऱ्याच जणांना गोळ्यांनी चांगला आराम पडतो. तिच्या वयाच्या मुलीला चालेल अशी गोळी निवडून दिली. स्कूटी बंद, विहिरीवर-कॅनॉलवर एकटीनं जाणं बंद, झोप मोडायची नाही, आणि मनानं गोळी कधीही थांबवायची नाही. शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले. मग म्हणाले, "आता तुमची पट्टी काढू." आणि बापलेक एकाच दवाखान्यातून आपापल्या गोळ्या घेऊन बाहेर पडलो. परतीच्या गाडीत शीतल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे मी वेडी न्हाई आणि देवी पण न्हाई. माणूसच हाय." आणि इतकी मोकळी हसली की कंडक्टर वळून बघायला लागला. मला त्या गाडीत टाळ वाजवावेसे वाटत होते.

घरी सांगणं त्याहून अवघड गेलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, लग्नात फसवलं म्हणून ती बोलेल. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, "तुमच्या फिटचं मला काय? पण माझं लेकरू महिनाभर पेटता काकडा हातात घेऊन उभं राहिलं, स्कूटीवर गेलं-आलं. तुमाला ठाव होतं. आन् तुमी लोकांना तिच्या पाया पडू दिलं." बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. आता बोलते. पण सकाळी ग्लास माझ्यापुढं ठेवताना तिचे डोळे अजून क्षणभर माझ्या हातांवर थांबतात, आणि मी तिच्याकडे बघू शकत नाही.

अशा अनुभवांत लोक सांगतात की परत जाऊन बघितलं तर तो माणूस सापडलाच नाही. मी महाशिवरात्रीच्या आधी औंढ्याला गेलो. शकिलाबी तिथंच सापडली, एका बाईशी रंगावरून भांडत. मी खाली वाकायला लागलो तर पाय मागं घेऊन म्हणाली, "अरे भाऊसाब, गिऱ्हाईक बघून राहिलं. बेटी कशी आहे ते बोला." मी सांगितलं की झटके थांबले, परीक्षेचा अभ्यास चाललाय. तिनं डोळे पुसले, मग पेटीतून हिरव्या बांगड्या काढून कागदात गुंडाळल्या. "या घेऊन जा. आता फुटायच्या न्हाईत." त्या खरंच फुटल्या नाहीत. आज हे लिहितानाही आतून त्यांचा आवाज येतोय. लेक पाटावरून कपबशी उचलून चहा पितेय, एका हातानं.

आयुष्यभर मी 'देवावर सोडलं' म्हणत आलो आणि मूठ काही उघडली नाही. जे खरं होतं तेच तेवढं देवापासून लपवून बाकीचं त्याच्यावर सोडत होतो. हात सैल सोड, हे त्या बाईनं माझ्या लेकीला सांगितलं होतं, ऐकायचं मला होतं. नागनाथानं माझ्याकडून फार मागितलं नाही. एक वाक्य मागितलं, आणि त्याच्या बदल्यात लेक परत दिली. तो आनंद माझ्यात मावत नाही.

पण एक राहिलंय. गेल्या कार्तिकात शीतलच्या पाया पडलेल्या एका बाईच्या घरात सून आहे. तिलाही आता सकाळी झटके बसतात, परवा ती न्हाणीत पडली. मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, नांदेडच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. सासू हसून म्हणाली, "काहीतरीच काय? तुमच्या आजीच्या अंगात येतच होतं की. तुमीच तर सांगितलं होतं देवळात." मी कितीही सांगितलं तरी माझं ते जुनं वाक्यच खरं ठरतंय. ते देवळात बोललो होतो, वीणा गळ्यात घेऊन, सगळ्यांसमोर. चार भिंतींत ते पुसलं जाणार नाही.

परवापासून काकडा सुरू होतोय. शीतल येणार नाही, ती झोप पुरी करून सकाळी दर्शनाला येईल. मीही पहाटे फक्त पहिला एकच दिवस जाणार आहे, डॉक्टरांना विचारून. वीणा गळ्यात घालायच्या आधी, गोळ्यांची पट्टी हातात धरून, मला एवढंच बोलायचंय: माझ्या आजीच्या अंगात कधी देवी आली नाही. मला फिट येते, माझ्या लेकीलाही येत होती, आणि औषधानं ती थांबली. हे माझ्याकडून गावाला, आजीला आणि त्या सुनेला देणं आहे. ते अजून बाकी आहे.